यमाईच्या वाटेवर

रहिमतपूर मागं पडलं आणि उसाचा हिरवा पट्टा विरळ होत गेला. ज्वारी काढून घेतलेली रानं, मधेच कांद्याचे वाफे, बांधावर बाभळी आणि लांबवर उघडे डोंगर. एसटीच्या खिडकीशी बसलेली आई मांडीवरची पिशवी सारखी चाचपत होती. पिशवीत खण, नारळ आणि ओटीचे तांदूळ. यमाई आमची कुलस्वामिनी. नातीचं लग्न झाल्यापासून औंधची ओटी राहिली, हे आईनं वर्षभरात मला किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही.

पुण्यात कुणालाही औंधला चालले म्हटलं की ब्रेमन चौकापासून किती आत, असा प्रश्न येतो. ते औंध वेगळं. हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, एका लहानशा संस्थानाच्या राजधानीचं औंध. गावाशेजारी मूळपीठाचा डोंगर, माथ्यावर तटबंदीच्या आत यमाई, आणि त्याच डोंगराच्या उतारावर श्री भवानी संग्रहालय. आईची ओढ माथ्याकडं होती, माझी उतारावरच्या त्या इमारतीकडं.

शाळेत असताना सहलीबरोबर मी इथं येऊन गेले होते. हात मागं, रांग सोडायची नाही, चला पुढं, या तीन वाक्यांत आमचं संग्रहालय संपलं. जेमतेम वीस मिनिटं. पुढच्या मुलीच्या वेण्यांच्या लाल रिबिनी आणि कुठल्याशा पांढऱ्या पुतळ्याचा हात, एवढंच लक्षात राहिलं. मोठेपणी चित्रकलेवरचं काहीबाही वाचताना औंधचं नाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागलं, तसं कळलं की आपण कशासमोरून डोळे मिटून चालत गेलो होतो. ती रुखरुख इतकी वर्षं मनात होती.

आधी देवी. मूळपीठावरची यमाई काळ्या पाषाणाची, बैठी, भव्य. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला पार्वती सीतेचं रूप घेऊन भेटली, त्यानं ओळखलं आणि ‘ये माई’ म्हणून हाक मारली, म्हणून यमाई, ही कथा आईनं मला लहानपणी सांगितली होती. ती तिनं गाभाऱ्यासमोर पुन्हा एकदा सांगितली, जणू मी पहिल्यांदाच ऐकते आहे. ओटी भरली. तटाच्या सावलीत बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. वारा भन्नाट होता. खाली गाव, आणि पाण्याची वाट बघणारी रानं पार क्षितिजापर्यंत.

खाली उतरताना आई म्हणाली, “तुझं ते बघायचंय ना? चल. मी बाहेर पायरीवर बसते.”

ती बसली नाही. दारातल्या कर्मचाऱ्यानं “मावशी, आत या की, सावली हाय, बसाय बाकडं बी हाय,” म्हटलं आणि ती आत आली.

हे संग्रहालय ज्यानं उभं केलं त्या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांच्या तोंडी बाळासाहेब. जन्म १८६८चा. १९०९ साली गादीवर आले. संस्थान म्हणजे जेमतेम पाचशे चौरस मैल, तेही सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं, आणि बहुतेक भाग अवर्षणाचा. उत्पन्न बेताचं. पण माणूस विलक्षण होता. रोज सूर्यनमस्कार घालायचा आणि शाळाशाळांतून मुलांना घालायला लावायचा. स्वतः कीर्तन करायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळचा माळ यांनीच दिला, त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घ्यावी म्हणून लाख रुपयांचा शब्दही यांनीच दिला. आणि हे सगळं करताना हातातला कुंचला कधी सुटला नाही. १९१६ साली त्यांचं ‘चित्ररामायण’ छापून निघालं. वेरूळवर आणि अजिंठ्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली, १९२९ आणि १९३२ साली. पंडित सातवळेकरांना आपण वेदांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. तेही मुळात चित्रकार, आणि त्यांनाही औंधनंच आसरा दिला.

अशा माणसानं आयुष्यभर जमवलेला संग्रह १९३८ साली या इमारतीत आला. पुढच्याच वर्षी, १९३९च्या जानेवारीत, गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेल्या घटनेनुसार त्यांनी राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपवला. ग्रामपंचायतींपासून वर चढत जाणारी व्यवस्था. मॉरिस फ्रीडमन हे पोलिश गृहस्थ आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत त्या प्रयोगात आघाडीवर होते. पुस्तकांतून या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, एक कलेच्या आणि दुसरी राजकारणाच्या. मला त्या एकाच हातानं, एकाच ओघात केलेल्या वाटतात. जे आपल्याजवळ आहे ते लोकांचं आहे. आधी चित्रं दिली, मग राज्य.

आणि चित्रं दिली ती कुठं? मुंबई-पुण्याला नाही. राजवाड्याच्या माडीवर नाही. नवस फेडायला, ओटी भरायला येणारी बाई ज्या वाटेनं चढते आणि उतरते, त्या वाटेवर. ज्या माणसाच्या पायांना आधीच इथं यायची सवय आहे, त्याच्याच पायाशी संग्रह नेऊन ठेवला. माझ्या आईसारख्या बाईला मुद्दाम संग्रहालयात जायचं कधीच सुचलं नसतं. देवीला मात्र ती येणारच होती.

आत प्रकाश शांत होता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे निवायला वेळ लागला. फोटो काढायला मनाई आहे, आणि मला त्याचं बरंच वाटलं. फोन पिशवीत गेला की माणसाला डोळ्यांनीच बघावं लागतं. एकेक दालन ओलांडत आम्ही निघालो. चंदनातलं नि हस्तिदंतातलं कोरीवकाम, जुनी हत्यारं, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती. (तो पांढरा हात यांतल्याच कुणाचा तरी असणार.) युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही आहेत. आज कुणाला वाटेल, नकला कशाला? पण ज्या काळात रंगीत छपाईचं पुस्तकही खटावच्या पोराच्या हाती पडणं कठीण होतं, त्या काळात पलीकडच्या जगात लोक काय रंगवतात हे त्याला दाखवायचं तर दुसरा मार्ग कुठला होता? त्या नकलांसमोर मी आदरानं उभी राहिले.

धुरंधरांची चित्रं पाहताना आई पहिल्यांदा थबकली. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापुरात वाढलेले. आपल्याकडच्या बायकांची नेसण, चालण, गर्दीतली लगबग त्यांच्याइतकी कुणाला साधली असेल असं मला वाटत नाही. आईचे डोळे साडीच्या काठावर. “कासोटा बघ कसा चापून बसवलाय,” म्हणाली. तिच्या लहानपणी तिची आजी नऊवारीच नेसायची.

पहाडी शैलीतली ‘किरातार्जुनीया’ची लघुचित्रं मात्र मी एकटीनं बघितली, कारण तोवर तिचे गुडघे बोलू लागले होते आणि ती बाकावर टेकली होती. भारवीच्या त्या संस्कृत महाकाव्यात अर्जुन हिमालयात तप करतो, शंकर किराताच्या वेषात येतो, एकाच रानडुकरावर दोघांचे बाण सुटतात आणि शिकार कुणाची यावरून जुंपते. हिमालयाच्या पायथ्याशी बसून कुण्या चितारीनं रंगवलेली ही पानं माणदेशाच्या उंबरठ्यावर येऊन पोचली आहेत. अशा चित्रांना नाक लावून उभं राहावं लागतं. एका केसाच्या कुंचल्यानं ओढलेल्या रेषा लांबून दिसतच नाहीत.

मग सैरंध्री.

राजा रविवर्म्याची चित्रं इथं आहेत हे ठाऊक होतं. तरी त्या तैलचित्रासमोर आल्यावर पावलं आपोआप थांबली. मी आईला हाक मारली. ती उठून आली, पदरानं चष्मा पुसला आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.

रविवर्मा आमच्या घराला नवा नव्हता. मळवलीच्या छापखान्यातून निघालेली त्याची लक्ष्मी आणि सरस्वती आजोळच्या देवघरात होती. लक्ष्मीच्या चित्राला कोपऱ्यात वाळवी लागलेली, तरी रोज हळदकुंकू लागायचं. छापील चित्र आणि हे यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक. छापात कापड म्हणजे नुसता रंग. इथं कापडाला वजन आहे. जवळ गेलं की कुंचल्याचे फटकारे सुटे सुटे दिसतात, दोन पावलं मागं आलं की त्यांचीच वस्त्राची चुणी होते. मी तीनदा पुढं गेले, तीनदा मागं आले. नेमकं कुठल्या पावलाला रंगाचं कापड होतं ते मला शोधायचं होतं.

आई वेगळंच बघत होती. “सुदेष्णेनं धाडलीय हिला,” ती हळूच म्हणाली. “राणीचाच भाऊ तो. जाऊ नको तरी कसं म्हणावं?”

आजोळी चातुर्मासात श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ लागायचा. आजोबा वाचायचे, माजघरातल्या बायका ऐकायच्या. विराटाच्या घरी सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक, आणि पाच पराक्रमी नवरे असून अज्ञातवासामुळे एकालाही उघड पुढं येता येत नाही, ही कोंडी आईच्या कानात साठ वर्षांपूर्वीच जाऊन बसली होती. चित्राखालची पाटी तिनं वाचलीच नाही. तिला गरज नव्हती. चित्रातली बाई तिच्या ओळखीची होती, आणि त्या बाईची भीतीही.

मला आठवत होतं दुसरंच. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, सैरंध्रीत पारतंत्र्यातला देश दिसला, आणि १९१० साली इंग्रज सरकारनं नाटकावर बंदी घातली. पुढं १९२० साली बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आला, आणि तो पाहून लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. पोथी तर आधीपासून होतीच; मग चित्र, नाटक, सिनेमा. पन्नासेक वर्षांच्या आत ही एकच अडलेली बाई मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं इतक्या रूपांत उभी राहिली होती. संग्रहालयातलं एक चित्र म्हणजे भिंतीवरची एक चौकट नव्हे, हे मला त्या बाकाशेजारी उभी असताना पुरतं पटलं. चौकटीच्या मागं केवढं घर असतं, आणि त्या घराची किल्ली अनेकदा पाटी न वाचणाऱ्या माणसाकडंच असते.

औंधच्या संग्रहात सहा ऋतूंची शिल्पं आहेत. पांडोबा पाथरवटांनी घडवलेली. आडनावातच धंदा: पाटे-वरवंटे, जाती, देवाच्या मूर्ती घडवणारे पाथरवट. ही विद्या कुठल्या आर्ट स्कूलमधून येत नाही, घरातूनच येते. अशा कारागिराच्या हाताला राजानं सहा ऋतूंचा विषय दिला आणि ऋतूंना माणसाचं रूप आलं. आपल्याकडं वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर ही नावं पोरं शाळेत घोकतात. पण ज्या मुलखात वर्षा हा ऋतू चार वर्षांतून दोनदा तोंड दाखवतो आणि दोनदा पाठ फिरवतो, तिथल्या पाथरवटानं तो घडवला आहे, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. वर येताना पाहिलेली ती कोरडी रानं त्या शिल्पांच्या मागं मला सारखी दिसत होती.

आणि याच छपराखाली हेन्री मूर.

विसाव्या शतकातल्या जगातल्या पहिल्या प्रतीच्या शिल्पकारांत ज्याचं नाव घेतात, त्याचं ‘मदर अँड चाइल्ड’ औंधमध्ये आहे. कलेच्या विद्यार्थ्यांना मूर बघायला लंडन गाठावं असं वाटतं; एक मूर आपल्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगरावर बसला आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? आकारानं ते काम छाती दडपून टाकणारं नाही. घाईनं चाललं तर शेजारून निघून जाल. आमची सहल तशीच निघून गेली असणार.

मूर हा यॉर्कशरमधल्या कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा. आधी साचा करायचा आणि मग कारागिरांकडून तो दगडात उतरवून घ्यायचा, ही त्या वेळची रीत बाजूला ठेवून तो थेट दगडाला भिडला. दगडाचा दगडपणा झाकायचा नाही, त्याला मांस-कातडीचं सोंग आणायचं नाही, हा त्याचा आग्रह. आणि ही दृष्टी त्याला मिळाली ती ब्रिटिश म्युझियमच्या दालनांतून वेळ काढून हिंडताना, मेक्सिकोतल्या जुन्या दगडी मूर्ती बघताना. म्हणजे संग्रहालयात रेंगाळलेला एक पोरगा. आई आणि मूल हा विषय त्यानं जन्मभर सोडला नाही.

त्याच्यापासून फार दूर नाही, अशा अंतरावर पांडोबा पाथरवटांचे ऋतू. एकाचं नाव जगभरच्या पुस्तकांत, दुसऱ्याचं औंधबाहेर फारसं कुणी घेत नाही. दोघांच्याही घराण्यात भूमी फोडणारे हात. दोघांना एकाच छपराखाली, सारख्याच मानानं बसवणारी नजर या राजाकडं होती. हे आजही सोपं नाही. आज आपण ‘लोककला’ एका दालनात आणि ‘आधुनिक कला’ दुसऱ्यात लावतो, आणि दोन्हींचे प्रेक्षकही वेगळे असतात.

आईनं मूरच्या शिल्पाला अर्धी प्रदक्षिणा घातली. मला वाटलं होतं, ती विचारेल हे काय आहे. तिनं विचारलं नाही.

“पोर अंगावर असतं तेव्हा असंच असतं,” ती म्हणाली. “कुठं आपण संपतो आणि कुठं ते सुरू होतं, कळत नाही. तू तर मला खाली ठेवूच द्यायची नाहीस.”

मूरवर मी जे वाचलं होतं त्यातलं बरंच तेवढ्यात विसरून गेले.

संग्रहालय आज राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडं आहे. ग्रंथालयही जोडूनच, हजारो ग्रंथांचं. मला मनापासून वाटतं, इथं पाट्यांवर नावापेक्षा थोडं जास्त लिहिलेलं असावं. कुठल्या चित्राची गोष्ट काय, चितारी कोण होता, कुठल्या गावचा. ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. ज्या राजानं ‘चित्ररामायण’ रंगवलं त्याच्या गावात शिकलेल्या मुलानं पुढं १९५५ साली ‘गीतरामायण’ लिहिलं. कारण-परिणामाचा दावा मी करत नाही. पण चित्रं आणि कीर्तनं ज्या गावच्या हवेतच होती, त्या गावात एका मुलानं डोळे आणि कान उघडे ठेवून काही वर्षं काढली, एवढं तर खरं. असा एखादा मुलगा आजही सहलीच्या रांगेत असू शकतो.

आणि रांग आलीच. साडेतीनच्या सुमारास बाहेर दोन गाड्या थांबल्या आणि निळ्या-पांढऱ्या गणवेशातली साठ-सत्तर मुलं आत आली. बाई दमलेल्या होत्या. सकाळपासून साताऱ्याकडची दोन ठिकाणं उरकून आल्या होत्या आणि अंधार पडायच्या आत पोरं घरी पोचवायची होती. “हात लावायचा नाही. चला, चला पुढं.” तेच वाक्य. त्यांच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. एवढी मुलं सांभाळणं म्हणजे काय हे मला कळतं. फक्त वाटलं, एका सहलीला एकच चित्र दाखवावं. हवं तर पोरांना त्याच्यासमोर खाली बसवावं. बाकीचं संग्रहालय कुठं पळून जात नाही, ती मोठी होऊन आपल्या पायांनी परत येतील.

सैरंध्रीसमोर एक मुलगा रांगेतून बाजूला झाला होता. आठ-नऊ वर्षांचा, कानटोपी अजून डोक्यावर. आई पुन्हा तिथल्या बाकावर येऊन टेकली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं.

“आज्जी, ही कुठली राणी हाय?”

“राणीच, पण आता दासी झालीय. लपून राहायचंय ना वर्षभर.”

“का?”

आईनं सरकून त्याला जागा करून दिली. द्यूतापासून सुरुवात केली असती तर रात्र झाली असती, म्हणून तिनं विराटाच्या घरापासूनच धरलं. सुदेष्णेपर्यंत आली, कीचकापर्यंत आली. मुलगा एकदा तिच्या तोंडाकडं, एकदा चित्राकडं बघत होता. आणखी दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या दालनातून बाईंची हाक आली, मग दुसरी आली.

“मग?” मुलगा उठेना. “मग तिनं कुणाला सांगितलं?”

“भीमाला,” आई म्हणाली. “रात्री, स्वयंपाकघरात जाऊन.”